बोलपटयुगातील अभिनेत्री आणि स्टुडिओ-व्यवस्था : मराठी व स्पॅनिश चित्रपटसृष्टीचा तुलनात्मक परिचय

गोषवारा

इ.स. १९३२ हे वर्ष मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही चित्रपटसृष्टींच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट प्रदर्शित केला आणि याच वर्षी स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात 'सिफेसा' ही चित्रपटसंस्था स्थापन झाली. या दोन संस्थांच्या काळातील अभिनेत्रींना अफाट लोकप्रियता मिळाली. परंतु त्या लोकप्रियतेवर त्यांचा स्वतःचा हक्क कितपत होता, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात दुर्गा खोटे, शांता आपटे व हंसा वाडकर या मराठी आणि इम्पेरिओ आर्खेंतिना व सारा मोंतिएल या स्पॅनिश अभिनेत्रींच्या उदाहरणांवरून या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजशब्द : बोलपट, प्रभात, सिफेसा, अभिनेत्री, करार, आत्मचरित्र.

प्रस्तावना

'तारका' हा शब्द उच्चारताच वैभव, प्रसिद्धी आणि स्वैर जीवन यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. बोलपटाच्या प्रारंभकाळातील वस्तुस्थिती मात्र बरीच निराळी होती. त्या काळातील अभिनेत्री ही बहुधा एखाद्या कंपनीची मासिक पगारावर काम करणारी नोकरदार स्त्री असे. तिने कोणत्या चित्रपटात काम करावे, कोणाबरोबर करावे आणि कोठे करू नये, हे करारपत्राने ठरलेले असे. तिचा चेहरा व आवाज घरोघरी पोहोचत, परंतु त्यातून निर्माण होणाऱ्या मूल्याचा मोठा भाग कंपनीच्या पदरी पडे. कीर्ती तिची आणि मालकी दुसऱ्याची, अशी ही विसंगती होती. ती कोणी ओळखली आणि तिला कोणत्या मार्गाने उत्तर दिले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

स्टुडिओ-व्यवस्थेचे स्वरूप

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. चित्रीकरणाचा मंच, रसायनशाळा, संकलन, वेशभूषा, संगीत हे सर्व विभाग एकाच आवारात होते आणि दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सर्व जण कंपनीचे नोकर होते. या शिस्तीचे फळही मोठे होते. 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. त्यातील तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस आणि आवलीची भूमिका करणाऱ्या गौरी यांच्यापैकी कोणीही आजच्या अर्थाने 'स्टार' नव्हते. गौरी तर कंपनीत किरकोळ कामे करीत पुढे आल्या होत्या. कलावंताचे नाव गौण आणि कंपनीची तुतारी प्रमुख, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत नटनटीच्या श्रमाचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. 'अयोध्येचा राजा', 'कुंकू', 'माणूस' यांसारखे चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत बनत. म्हणजे तोच प्रसंग त्याच कलावंताला दोनदा, दोन भाषांत वठवावा लागे. त्यातच पार्श्वगायनाची पद्धत रूढ होण्यापूर्वी गाणे प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच म्हणावे लागे. भारतात पार्श्वगायनाचा वापर १९३५ च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत गाता येणे ही अभिनेत्रीची मूलभूत पात्रता होती आणि तिचा आवाज तिच्या देहापासून वेगळा काढता येत नव्हता.

स्पेनमधील परिस्थिती याच्याशी पुष्कळशी जुळणारी होती. सिफेसा ही आरंभी चित्रपट-वितरण करणारी संस्था होती. कासानोवा कुटुंबाकडे तिची सूत्रे आल्यावर १९३४ पासून तिने निर्मितीस प्रारंभ केला आणि दिग्दर्शक फ्लोरियान रेय व गायिका-अभिनेत्री इम्पेरिओ आर्खेंतिना यांना आपल्याशी करारबद्ध केले. 'नोब्लेसा बातुर्रा' (१९३५) आणि 'मोरेना क्लारा' (१९३६) हे या जोडीचे चित्रपट अत्यंत लोकप्रिय झाले. ग्रामीण जीवन, लोकगीते, बोलीचा गोडवा आणि गाणारी नायिका हे त्यांचे भांडवल होते. स्वभाषेतील बोलपट लोकांना किती हवाहवासा वाटत होता, याची साक्ष पुणे व वॅलेन्सिया या दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास मिळत होती.

दुर्गा खोटे : प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य

६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. त्यातील तारामतीच्या भूमिकेमुळे दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मुंबईच्या सुस्थित लाड कुटुंबात जन्मलेल्या, सेंट झेविअर्स महाविद्यालयात शिकलेल्या आणि तशाच प्रतिष्ठित घराण्यात विवाह झालेल्या स्त्रीने पडद्यावर येणे ही त्या काळी खळबळजनक घटना होती. सासरच्या आर्थिक विपन्नतेमुळे त्यांना अर्थार्जनाचा मार्ग शोधावा लागला होता. त्यांच्यामुळे पांढरपेशा घरांतील स्त्रियांना हे क्षेत्र खुले झाले, असे सामान्यतः म्हटले जाते आणि ते योग्यच आहे.

तथापि त्यांचे दुसरे कार्य तितकेच मोलाचे असून त्याकडे कमी लक्ष गेले आहे. प्रभातमध्ये 'मायामच्छिंद्र' (१९३२) व पुढे 'अमरज्योती' (१९३६) हे चित्रपट करीत असतानाच, दरम्यान त्यांनी कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी देवकी बोस दिग्दर्शित 'सीता' (१९३४) हा चित्रपट केला. एका कंपनीस बांधून न घेता चित्रपटागणिक करार करणाऱ्या पहिल्या भारतीय कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. १९३७ साली त्यांनी 'साथी' या चित्रपटाची निर्मितीही केली. आपल्या श्रमाचे मोल आपण ठरवावे, ही वृत्ती यातून दिसते. मात्र हे स्वातंत्र्य त्यांना शिक्षण, सामाजिक ओळखी आणि भाषाप्रभुत्व यांच्या बळावर मिळाले होते. सर्वच अभिनेत्रींना ते सुलभ नव्हते.

शांता आपटे : करार आणि प्रतिकार

'कुंकू' (१९३७) हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारित आहे. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या विवाहास पत्नी म्हणून मान्यता देण्याचे ठामपणे नाकारते. केशवराव दाते यांनी वृद्ध पतीची आणि शांता आपटे यांनी नीरेची भूमिका केली. पार्श्वसंगीताचा आधार न घेता केवळ प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींचा वापर हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे अभिनेत्रीच्या आवाजावर सर्व भार पडला आणि तो शांताबाईंनी समर्थपणे पेलला.

पडद्यावर अन्याय्य बंधन नाकारणाऱ्या या अभिनेत्रीने १९३९ साली प्रत्यक्षातही तसेच केले. कराराच्या अटींवरून कंपनीशी मतभेद झाल्यावर त्यांनी प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण आरंभिले. राजकीय लढ्यात परिचित झालेले हे साधन एका अभिनेत्रीने आपल्या नोकरीच्या प्रश्नासाठी वापरावे, ही गोष्ट त्या वेळच्या वृत्तपत्रांना चटकदार वाटली असली, तरी तिचा खरा अर्थ वेगळा आहे. अभिनय हे श्रम आहेत आणि त्या श्रमांच्या अटींविषयी बोलण्याचा अधिकार श्रम करणाऱ्यास आहे, हा दावा त्या उपोषणात होता. कंपनीची बाजूही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दीर्घ मुदतीचे करार आणि कडक वेळापत्रक यांवाचून त्या दर्जाची निर्मिती करणे कठीण होते. परंतु शिस्तीचा भार सर्वांनी वाहावा आणि अटी मात्र एकानेच ठरवाव्यात, हे त्यांना मान्य नव्हते.

१९४० साली शांताबाईंनी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहिले. चित्रपटात येऊ इच्छिणाऱ्या तरुणींपुढील प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. व्यवसायात असतानाच एका लोकप्रिय अभिनेत्रीने त्या व्यवसायाची चिकित्सा करावी, ही घटना भारतीय चित्रपटाच्या इतिहासात विरळा आहे. पुढे त्यांनी तमिळ भाषा शिकून 'सावित्री' (१९४१) या तमिळ चित्रपटात काम केले. त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. १९६४ साली शांताबाईंचे निधन झाले.

इम्पेरिओ आर्खेंतिना : राजकारणाच्या कात्रीत

स्पेनमधील अभिनेत्रींच्या वाट्याला कंपनीखेरीज आणखी एक मालक आला, तो म्हणजे राजसत्ता. जुलै १९३६ मध्ये तेथे यादवी युद्ध सुरू झाले आणि ते एप्रिल १९३९ पर्यंत चालले. इम्पेरिओ आर्खेंतिना (१९१०–२००३) यांचा जन्म ब्वेनोस आयरेसचा. युद्धकाळात त्यांनी आपले तत्कालीन पती फ्लोरियान रेय यांच्यासह नाझी राजवटीतील बर्लिन येथे 'कार्मेन, ला दे त्रियाना' (१९३८) हा चित्रपट केला. त्याच कथेची जर्मन आवृत्तीही तेथेच बनली आणि दोन्हींत नायिका त्याच होत्या. एकच भूमिका दोन भाषांत वठविण्याचे प्रभातमधील परिश्रम येथेही दिसतात. परंतु या सहकार्याचा राजकीय कलंक त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. 'मोरेना क्लारा' हा त्यांचा गाजलेला चित्रपट प्रजासत्ताकवाद्यांच्या ताब्यातील प्रदेशात बंद करण्यात आला.

युद्धानंतर फ्रँको राजवटीत चित्रपटांवर कडक नियंत्रण आले. १९४१ मध्ये परकीय चित्रपट स्पॅनिश भाषेत रूपांतरित करणे सक्तीचे झाले. सिफेसाने ऐतिहासिक वैभवपटांचा मार्ग धरला. 'लोकुरा दे आमोर' (१९४८) मध्ये आउरोरा बाउतिस्ता यांनी राणी हुआनाची भूमिका गाजविली. मात्र 'आल्बा दे आमेरिका' (१९५१) हा खर्चिक चित्रपट अपयशी ठरला आणि संस्थेची निर्मिती लवकरच थांबली. प्रभातची अवस्थाही याहून फार निराळी झाली नाही. १९४२ साली शांताराम बाहेर पडले, युद्धकाळात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला, स्वतंत्र निर्मात्यांचा पैसा या धंद्यात आला आणि १९५० च्या दशकात कंपनी बंद पडली. तिच्या वास्तूत १९६० साली चित्रपटशिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली.

दोन गाजलेले चित्रपट : १९५७ आणि १९५९

कंपन्या मोडल्यावर अभिनेत्री मुक्त झाली काय, याचे उत्तर दोन चित्रपटांच्या तुलनेतून मिळते. हुआन दे ओर्दुन्या दिग्दर्शित 'एल उल्तिमो कुप्ले' (१९५७) ही रंगमंचावर गाणाऱ्या एका स्त्रीच्या उत्कर्ष-अपकर्षाची कथा आहे. सारा मोंतिएल (१९२८–२०१३) मेक्सिको व हॉलिवुड येथे काम करून या चित्रपटासाठी मायदेशी आल्या. निर्मितीसाठी पैसा तुटपुंजा असल्याने व्यावसायिक गायिकेऐवजी सारा यांनीच आपल्या खर्जातील आवाजात गाणी म्हटली. दिग्दर्शकाने प्रदर्शनापूर्वीच चित्रपटाचे हक्क सिफेसाला विकून टाकले होते. चित्रपट माद्रिदमध्ये महिनोन्महिने चालला. सारा यांना मूळ कामाचे मानधन बेताचेच मिळाले होते; तथापि या यशाच्या बळावर पुढील करार मात्र त्यांनी स्वतःच्या अटींवर केले.

अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) ही तमाशातील स्त्रीची कथा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यात प्रमुख भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांनी कुटुंबाच्या चरितार्थासाठी अगदी लहान वयात या व्यवसायात प्रवेश केला होता. 'संत सखू' (१९४१) आणि 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) यांमुळे त्यांना मोठी कीर्ती मिळाली. कंपनीचे बंधन सैल झाले, तरी कुटुंबाचे बंधन सुटले नव्हते. कमावणारी व्यक्ती घरातील स्त्री असली, तरी त्या कमाईविषयीचे निर्णय तिच्या हाती असतीलच असे नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. शिवाय एव्हाना गाण्याचा आवाज आशा भोसले यांच्यासारख्या पार्श्वगायिकेचा असे. सारा यांना ज्या आवाजाच्या बळावर वाटाघाटी करता आल्या, ते बळ मराठी अभिनेत्रीच्या हातून तंत्राने काढून घेतले होते.

लेखणीचा आधार

पडद्यावरील प्रतिमेवर हक्क मिळाला नाही, तरी स्वतःच्या जीवनकथेवर हक्क सांगता येतो. मराठी अभिनेत्रींनी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील लक्षणीय बाब आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे आत्मकथन अरुण साधू यांनी शब्दांकित केले असून त्यातील परखडपणामुळे ते आजही वाचले जाते. त्यावर आधारित श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या चित्रपटासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे', लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत', आणि 'माणूस' (१९३९) मधील मैना अजरामर करणाऱ्या शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' ही या परंपरेतील अन्य पुस्तके होत. इम्पेरिओ आर्खेंतिना यांच्या आठवणी मात्र २००१ साली, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे प्रसिद्ध झाल्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बोलपटाच्या आरंभकाळातील तारकापद हे स्वातंत्र्याचे नव्हे, तर नोकरीचे पद होते. दुसरी, या बंधनास अभिनेत्रींनी तीन मार्गांनी उत्तर दिले : दुर्गा खोटे यांनी स्वतंत्र करारांनी, शांता आपटे यांनी उघड प्रतिकाराने आणि हंसा वाडकर यांनी आत्मकथनाने. तिसरी, स्पेनमध्ये याच बंधनात राजसत्तेची भर पडली, तर महाराष्ट्रात कुटुंबसंस्थेचा वाटा मोठा राहिला.

या विषयाचा अभ्यास आजवर बहुधा दिग्दर्शक व कंपन्या यांच्या अंगाने झाला आहे. तो श्रम आणि मोबदला यांच्या अंगाने होणे आवश्यक आहे. अभिनेत्रींची आत्मचरित्रे ही त्याची उपलब्ध साधने आहेत. प्रेक्षकांच्या आठवणी हे दुसरे साधन झपाट्याने नाहीसे होत आहे. सातपाटी, पालघर, बोईसर-तारापूर या परिसरातील वयोवृद्ध स्त्री-पुरुषांनी हे चित्रपट कोठे व कसे पाहिले आणि पडद्यावरील नीरेविषयी किंवा सखूविषयी त्यांना काय वाटले, याची नोंद महाविद्यालयीन विद्यार्थी सहज करू शकतील. १९५० च्या दशकात चित्रपट पाहणारी पिढी आज वयाच्या ऐंशीच्या घरात आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.