जोयडा तालुक्यातील बिनतारी दळणवळण

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. दक्षिण कोरियात २०१९ साली पाचव्या पिढीची सेवा सर्वसामान्यांच्या हाती आली. मात्र जोयड्यासारख्या डोंगराळ, अरण्यमय तालुक्यात साधे संभाषणही सर्वत्र सुलभ नाही. याची कारणे ग्रामस्थांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

भ्रमणध्वनी यंत्र जवळच्या मनोऱ्याशी रेडिओलहरींच्या द्वारे जोडले जाते. मध्ये डोंगर आला की लहरी अडतात. पावसात भिजलेली दाट झाडी त्यांची शक्ती शोषून घेते. म्हणूनच टेकडीच्या एका बाजूची वाडी बोलू शकते, तर पलीकडची मूक राहते. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी तुलनेने दूरवर पोहोचतात. मनोऱ्यास अखंड वीजही लागते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वनविषयक अनुमतीही आवश्यक असते.

सेवावंचित २४,६८० गावांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून ते कार्य भारत संचार निगमाकडे सोपविले.

सर्पदंश वा अपघाताच्या प्रसंगी विलंब प्राणघातक ठरतो. आपल्या कंपनीची सेवा नसली, तरी अन्य कंपनीच्या लहरी तेथे उपलब्ध असल्यास ११२ हा क्रमांक लागू शकतो. आपल्या वाडीत लहरी नेमक्या कोठे मिळतात, ते ठिकाण शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच निश्चित करून प्रत्येक घरी कळवावे.