राजकन्येने मधल्या वेळात काय करावे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत शहापुरातील आमच्या गल्लीतल्या मुलांनी एक नाटुकले बसवावे, अशी टूम निघाली आणि लेखनाचे काम साहजिकच आमच्या गळ्यात पडले. मुले सात, सगळी बारा ते पंधरा या वयाची. चित्रवाणीवरील अचाट शक्तींच्या वीरांनी त्यांना पुरते झपाटलेले. तेव्हा नाटकात तसलीच एक टोळी हवी, ही त्यांची एकमेव अट. आम्ही रात्री जागून चार प्रवेश लिहिले. पहिल्यात कपटी जादूगार राजकन्येला पळवून नेतो, दुसऱ्या-तिसऱ्यात सहा वीर डोंगर, नदी आणि राक्षस ओलांडतात, चौथ्यात तिची सुटका होते. राजकन्येचे काम तेरा वर्षांच्या एका मुलीकडे आले. तिने वही शेवटपर्यंत चाळली आणि शांतपणे विचारले, "आजी, दुसऱ्या नि तिसऱ्या प्रवेशात मी काय करू?"

"पडद्यामागे बसून पोरांना तलवारी, मुकुट दे की," आम्ही म्हणालो.

"मग मी येत नाही," ती म्हणाली आणि वही आमच्या हाती ठेवून चालती झाली.

आधी आम्हांला रागच आला. पण ही मुलगी मराठी शाळेत जात नाही. घरातले बोलणे सोडले, तर सलग अर्धा तास मराठीत बोलण्याचे, मराठी अक्षर वाचून पाठ करण्याचे निमित्त तिला वर्षातून या एका नाटकापुरतेच मिळते. आमच्या सीमाभागात घरोघर आता हीच स्थिती आहे. तिने पाठ फिरवली असती, तर आमची केवळ एक नटी गेली नसती. शिवाय तिचा प्रश्न खरा होता, आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते.

आम्ही ती राजकन्या आणली कोठून, याचा मग शोध घेऊ लागलो. मद्रासहून निघणाऱ्या 'चांदोबा'वर आमची पिढी वाढली. त्यातला विक्रम आणि वेताळ कोण विसरेल? त्या कथांचे मूळ असलेल्या वेतालपंचविशीत मंदारवतीची गोष्ट आहे. मंदारवती राजकन्या नव्हे, ब्राह्मणाची मुलगी. पण गोष्टीतले तिचे स्थान राजकन्येचेच. तिला तिघे मागणी घालतात, आणि कोणाचीच निवड होण्यापूर्वी ती मरण पावते. एक जण तिच्या चितेच्या राखेवर पडून राहतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी फिरून संजीवन मंत्र मिळवतो. ती जिवंत होताच तिघांचा तंटा सुरू होतो. वेताळ विचारतो, ती कोणाची? विक्रम सांगतो की, मंत्राने जीव देणारा पित्यासारखा, अस्थी नेणारा पुत्रासारखा, म्हणून राखेपाशी राहिलेला तोच पती. न्याय मोठा चतुर खरा. पण मंदारवती तेथेच जिवंत उभी असताना तिला कोणीच काही विचारत नाही. पन्नास वर्षे ही गोष्ट आम्ही सांगत आलो आणि हे आमच्याही कधी ध्यानात आले नाही.

पुढे 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाले. त्याच्या मराठी आवृत्तीतून वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक घरोघर पोहोचले. मॅन्ड्रेकची नार्दा ही राजकन्याच. पण जादू सारी मॅन्ड्रेकची. आजच्या मुलांच्या 'छोटा भीम'मध्येही ढोलकपूरची राजकन्या इंदुमती आहे. तथापि संकट आले की धावतो तो भीमच.

उलट बाजू अशी की, आपल्या बालरंगभूमीने एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये लिटल थिएटर स्थापन केले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. त्यात सुधाताई स्वतः चेटकिणीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीणही मुलांनी डोक्यावर घेतली. याचे कारण उघड आहे. चेटकिणीला रंगमंचावर काम असते. ती बेत रचते, चुकते, चिडते, हरते. मुलांचे मन सौंदर्यापेक्षा करणीकडे आधी जाते.

परदेशातील चित्रकथाकारांपुढेही हाच पेच होता, हे कळल्यावर आम्हांला थोडा धीर आला. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी 1941 मध्ये 'वंडर वूमन' निर्माण केली. ती ॲमेझॉन स्त्रियांची राजकन्या डायना. पुढे 1980 मध्ये 'टीन टायटन्स' या किशोरवीरांच्या टोळीची मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी नव्याने मांडणी केली, तेव्हा तीत स्टारफायर ही परग्रहावरची राजकन्या आली. शत्रूशी तह राखण्यासाठी बापानेच तिला शत्रूच्या हवाली केलेले असते. बंदिवास भोगून आलेली ही मुलगी टोळीत सोडवून घ्यायला नव्हे, लढायला येते. 2003 च्या चित्रमालिकेत तिचाच अवतार वेगळा दिसतो. येथे ती पृथ्वीच्या चालीरीतींना बिचकणारी, भाबडी, पण भलतीच बलवान आहे. राजकन्या एकच, काळाप्रमाणे घडण निराळी.

आमच्या कामाची गोष्ट मात्र 'ॲमेथिस्ट'ची निघाली. 1983 मध्ये डॅन मिश्किन आणि गॅरी कोन यांनी ती लिहिली, चित्रे एर्नी कोलोन यांची. एमी विन्स्टन या तेरा वर्षांच्या मुलीला कळते की आपण दत्तक आहोत आणि रत्नांच्या एका मायावी जगाची राजकन्या आहोत. मात्र त्या जगात पाऊल ठेवताच तिचा देह वीस वर्षांच्या तरुणीचा होतो. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या स्वतःच्या वयात राजकन्या होता आले नाही! पुढे 2019 मध्ये 'यंग जस्टिस' या किशोरांच्या टोळीत तिला घेण्यात आले. 2020 मध्ये एमी रीडर यांनी तिची कथा नव्याने लिहिली. तीत सोळाव्या वाढदिवसासाठी ती आपल्या राज्यात परतते, तो राज्य उजाड, प्रजा नाहीशी. तेथून पुढे तिला आपल्या माणसांचा शोध घ्यायचा आहे. राजकन्यापण म्हणजे डोक्यावरचा मुकुट नव्हे, अंगावर घेतलेली जबाबदारी, एवढे त्यातून आम्ही उचलले.

इतके दूर जाण्याची गरजही नव्हती म्हणा. मद्रदेशाची राजकन्या सावित्री स्वतः रथात बसून वर शोधायला निघते आणि यमाला बोलण्यात अडकवून नवऱ्याचे प्राण परत आणते. तिची जादू म्हणजे तिची वाणी. आमच्या पंचक्रोशीतही उदाहरणे आहेत. बेळगावशेजारच्या काकतीची चन्नम्मा कित्तूरची राणी झाली आणि 1824 मध्ये तिने इंग्रजांच्या फौजेशी झुंज दिली. बेलवडीच्या मल्लम्माने तर 1678 च्या सुमारास दक्षिणेहून परतणाऱ्या मराठी फौजेलाच आपल्या लहानशा गढीपुढे थोपवून धरले. एक कन्नड आई-आजीकडून आलेली, दुसरी मराठी इतिहासातही 'सावित्रीबाई' म्हणून नोंदलेली. दोन्ही भाषा कानावर घेऊन वाढणाऱ्या आमच्या मुलींनी या दोघींपैकी एकीलाच आपली म्हणावे, असे आम्हांला वाटत नाही.

तरी जादू कसली द्यावी, हा प्रश्न उरलाच. तो सुटला आमच्या गावाच्या धंद्यावर. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते आणि येथल्या लुगड्यांचे नाव दूरवर होते. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत घरोघर हातमाग चालत. बायका कांड्या भरीत, पुरुष मागावर बसत. पुढे यंत्रमाग आले आणि घरातल्या मागाचा आवाज थांबला. आम्ही मुलीकडे गेलो आणि म्हणालो, "राजकन्येपाशी जादूचा धोटा आहे. तो सोडला की हवेत कापड विणले जाते. त्याचा पूल होतो, जाळे होते, पांघरूण होते. कुठे काय विणायचे, ते तू ठरव." ती वहीसाठी हात पुढे करून म्हणाली, "पळवून नेऊ दे मला. पण मी आतून विणीन."

तालमीला शेजारचे एक वृद्ध विणकर येऊन बसत. जन्म मागावर गेलेला. दोन दिवस त्यांनी निमूट पाहिले आणि तिसऱ्या दिवशी मान हलवली. "हे खोटं आहे," ते म्हणाले. "नुसत्या धोट्याने काही होत नाही, बाळ. आधी ताणा लागतो, आणि तो ताठ लागतो. ढिल्या सुतातून धोटा खाली पडतो."

चूक आमची होती. राजकन्येला काम देण्याच्या भरात आम्ही सगळी जादू तिच्या एकटीच्या हाती देऊन बसलो होतो. उरलेल्या सहा वीरांना आता पडद्यामागे बसण्याची पाळी आली होती. आजोबांच्या त्या एका वाक्यावर आम्ही तिसरा प्रवेश फाडला आणि नव्याने लिहिला. तिची जादू चालायची, तर सहा जणांनी ताण्याची दोरी धरून उभे राहिले पाहिजे. एकानेही हात सोडला की धोटा पडेल. आणि दोरी कोणत्या दिशेला ताणायची, हे कैदेतली राजकन्या भिंतीआडून सांगणार.

प्रयोगाच्या रात्री अंगणात शंभरेक माणसे जमली होती. तिसऱ्या प्रवेशात सर्वांत धाकट्या वीराला शिंक आली आणि त्याच्या हातून दोरी सुटली. वहीत असे काही लिहिलेले नव्हते. पडद्यामागून लगेच आवाज आला, "ताणा ढिला पडलाय! कोण सोडला हात?" पोराने धडपडत दोरी उचलली, बाकीच्यांनी पाय रोवले आणि प्रवेश पुढे चालू झाला. लोकांना ते नाटकातलेच वाटले. पुढल्या रांगेतले आजोबा मात्र हसत होते.

या वर्षीचे नाटक तिला स्वतः लिहायचे आहे. ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळ चुकते, पण दोन प्रवेश झाले आहेत. त्यांत आम्हांला चेटकिणीचे काम दिले आहे.