शंखपुष्पीची परीक्षा : संगणकावरील शोधनसंस्कार

पाटस परिसरातील माळरानावर पावसाळ्यात विष्णुक्रांतेची इवली निळी फुले उमलतात. गुराखी, मेंढपाळ व वनवासी वनस्पती नामरूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनी म्हटले आहे. आमच्या दवाखान्यात मात्र औषधी येते ती वाळलेली, तुटलेली, पोत्यात भरलेली. तेथे रूप उरत नाही. उरते केवळ पोत्यावरचे नाव.

शंखपुष्पीच्या बाबतीत तेही पुरेसे नाही. भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेला कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती अभिप्रेत आहे. तथापि काही भागांत विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण त्याच नावाने वापरली जाते. रुग्णास गुण आला नाही, तर दोष मात्रेचा की द्रव्याचा, हे वैद्याने कसे ठरवावे?

येथे डीएनए बारकोडिंग साहाय्यास येते. पॉल हेबर्ट यांनी २००३ साली प्राण्यांसाठी मांडलेल्या या पद्धतीकरिता २००९ मध्ये वनस्पतींसाठी आरबीसीएल व मॅटके हे दोन जनुकभाग सुचविले गेले. परंतु यंत्रातून मिळणारा ए, टी, जी, सी या अक्षरांचा क्रम हे अशोधित द्रव्यच होय. वंशवृक्ष मांडण्यापूर्वी त्याचे शोधन व्हावे लागते.

प्रथम क्रमाच्या दोन्ही टोकांची संदिग्ध अक्षरे छाटतात. मग उलट दिशेने वाचलेला क्रम सुलट करून दोन्ही वाचने जुळवितात. हे राहून गेल्यास सख्खी वनस्पतीही परकी भासते. त्यानंतर सर्व नमुने एकाखाली एक मांडून, आवश्यक तेथे रिक्त जागा सोडून, समान स्थाने समोरासमोर आणतात. क्लस्टल, मसल व मॅफ्ट या आज्ञावली हेच काम करतात. सुधीर कुमार, कोइचिरो तामुरा व मासातोशी नेई यांच्या ‘मेगा’ या आज्ञावलीत जुळणीपासून वृक्षापर्यंतचे टप्पे एकत्र होतात. अशा वृक्षात कॉन्व्हॉल्व्हुलस व विष्णुक्रांता एकाच कुलातील म्हणून जवळ येतात. शिंबी कुलातील गोकर्ण दूर जाते.

मात्र शोधनात हयगय झाली, तर सुबक वृक्षही असत्य सांगतो. दमट पोत्यातील द्रव्यावर बुरशी असेल, तर आयटीएस या जनुकभागाच्या परीक्षेत वनस्पतीऐवजी बुरशीचाच क्रम हाती येऊ शकतो. तुलनेसाठी घेतलेल्या संदर्भ-नमुन्याची ओळखच चुकीची असेल, तर पुढील गणित व्यर्थ. काढ्यात दीर्घकाळ उकळल्याने डीएनएचे तुकडे होतात. म्हणून परीक्षा कच्च्या द्रव्याचीच व्हावी.

औषधालयचालकांना आमची विनंती एवढीच, की प्रत्येक खेपेतील थोडे द्रव्य कोरडे, दिनांकासह राखून ठेवावे. शक्य तेथे फुलापानांसह वाळवलेला नमुना मिळवावा आणि पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या वनस्पतितज्ज्ञांकडून तो तपासून घ्यावा. संगणक अक्षरे जुळवील. पण पोत्यात काय भरले, याचे उत्तरदायित्व आपलेच राहील.