गाण्याचे गोत आणि सोशल नेटवर्किंग



पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला की तक्रारींचा पाऊस पडतो. मुले अभ्यास करीत नाहीत, रात्री जागतात, डोळे बिघडवतात. या तक्रारी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. परंतु त्याच मोबाईलमुळे गाण्याच्या क्षेत्रात एक मोठी सोय झाली आहे आणि आपल्यासारख्या सीमाभागातील मराठी लोकांना तिचा विशेष उपयोग आहे. म्हणून या अंकात सोशल नेटवर्किंगचा संगीतप्रेमींना काय लाभ होतो, तो कसा घ्यावा आणि कोठे सावध राहावे, याची माहिती देत आहे.

सोशल नेटवर्किंग म्हणजे समान आवडीची माणसे संगणक किंवा मोबाईलवरून एकमेकांशी जोडली जाणे. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे.

पत्रांचा जमाना

१९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. श्रोत्यांनी गावोगावी रेडिओ श्रोता संघ काढले. बिहारमधील (आता झारखंडमध्ये) झुमरी तिलैया हे छोटे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे साऱ्या देशाला ठाऊक झाले. १९५७ मध्ये विविध भारती आली. मराठी श्रोत्यांसाठी आकाशवाणीवर 'आपली आवड' होतेच. रेडिओवर आपले व आपल्या गावाचे नाव ऐकू आले की आठवडाभर त्याचीच चर्चा चाले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पण शुद्ध हिंदी उच्चार मी वर्गापेक्षा रेडिओवरच जास्त शिकलो.

ही माणसेही गाण्यामुळेच जोडली गेली होती. पण त्या व्यवस्थेत एक उणीव होती. श्रोता रेडिओला पत्र लिहू शकत होता. पण ज्याने तीच फर्माइश केली त्या दुसऱ्या श्रोत्याशी बोलण्याची सोय सहज नव्हती. आणि श्रोत्याला स्वतः गायचे असेल, तर आकाशवाणीची स्वरचाचणी उत्तीर्ण होण्यावाचून मोठा मार्ग नव्हता. सोशल नेटवर्किंगने या दोन्ही अडचणी दूर केल्या.

तुटलेले धागे जुळतात

२००४ साली ऑर्कुट सुरू झाले. त्यावर एकेका गायकाच्या, संगीतकाराच्या नावाने समूह असत आणि तेथे अनोळखी रसिक तासन्‌तास गप्पा मारीत. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडले, पण तोपर्यंत लोक फेसबुककडे वळले होते. यूट्यूब २००५ मध्ये आले, व्हॉट्सअॅप २००९ मध्ये. नावे बदलत गेली, पण गाण्याच्या निमित्ताने माणूस शोधायची सवय तशीच राहिली.

आपल्या भागात याला वेगळे महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्रात गेले. भालकीची लेक उदगीरला, आळंदची सोलापूरला आणि मुलगा नोकरीसाठी हैदराबादला किंवा पुण्याला, असे घरोघरी चित्र आहे. भजनी मंडळातला पखवाजी एका राज्यात, पेटीवाला दुसऱ्यात. पूर्वी अशी मंडळी लग्नकार्यात किंवा पंढरीच्या वारीतच भेटत. आज एका व्हॉट्सअॅप गटात ती रोज भेटू शकतात. एखाद्या पदाचा दुसरा चरण आठवत नसेल तर सकाळी विचारावा, संध्याकाळपर्यंत कोणीतरी गाऊन पाठवते.

भाषेची भिंतही येथे फारशी आड येत नाही. पं. भीमसेन जोशी गदगचे. त्यांनी मराठी संतवाणी गायली आणि कन्नड दासवाणीही. पं. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, त्यांचे घर कन्नड बोलणारे, पण महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. त्यांच्या ध्वनिमुद्रणाखाली मराठी आणि कन्नड रसिक एकत्र दाद देतात. सीमेवर राहणाऱ्या मुलांनी हे अवश्य पाहावे.

देवाणघेवाण: जपण्याचे मोठे साधन

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाणे ऐकणे सोपे झाले, हा लाभ सर्वांना दिसतो. पण जे गाणे कधी कोणी ध्वनिमुद्रितच केले नाही, त्याचे काय? ते फक्त माणसाच्या कंठात असते आणि माणसाबरोबर जाते.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं या दोघांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत जाऊन या ओव्या गोळा केल्या. तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून सुमारे १ लाख ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या, काही ध्वनिमुद्रितही केल्या. गिरणी आली, जाते अंगणात गेले, दळण थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबू लागली होती. हा संग्रह वेळेवर झाला म्हणून वाचला. पुढे ग्रामीण भारताची माहिती जतन करणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून तो सर्वांसाठी प्रकाशित करायला घेतला.

पारीची मंडळी केवळ जुन्या फिती लावून थांबली नाहीत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली ज्या स्त्रियांच्या ओव्या मुद्रित झाल्या होत्या, तेथे ती २०१७ मध्ये पुन्हा गेली आणि त्या गायिकांना भेटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर त्यांनी रचलेल्या ओव्या आज जगात कोठेही ऐकता येतात. ज्या बाईचे गाणे तिच्या शेजारणीपलीकडे गेले नव्हते, ते सातासमुद्रापार गेले, आणि तिच्या नावानिशी गेले. देवाणघेवाणीचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीतही असेच झाले. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी ती चालवली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले. कोणाकडे कोणती तबकडी आहे हे त्यातून एकमेकांना कळे. तसेच 'आठवणीतली गाणी' हे अलका विभास यांचे संकेतस्थळ पाहा. तेथे गाण्याच्या शब्दांबरोबर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे दिलेली असतात. नावाशिवाय गाणे म्हणजे पत्त्याशिवाय पत्र.

आपल्या भागातील ठेवाही लहान नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला श्री माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांत पदे रचली. तेथील दत्तजयंतीच्या उत्सवात संगीतसेवेला मानाचे स्थान आहे. गाणगापूरला दत्तभक्तांची पदे आणि आरत्या आहेत. यांतले जे छापलेले आहे ते टिकेल. पण तुमच्या आजीच्या गळ्यातली चाल, नागपंचमीचा फेर, डोहाळजेवणाची गाणी आणि मराठी-कन्नड मिसळलेल्या ओव्या छापलेल्या नाहीत. त्या आजी आहेत तोवरच आहेत.

स्वतःची ओळख करून देणे

तिसरा उपयोग आहे आपली कला लोकांपुढे मांडण्याचा. यात कमीपणा मानू नये. पूर्वीही नाटक कंपन्या गावात दवंडी पिटवीत आणि कीर्तनकार ओळखीची पत्रे घेऊन गावोगाव जात.

२०१७ साली 'सोनू' या मराठी गाण्याने काय केले ते आठवा. कॉलेजच्या मुलांपासून शिक्षकांपर्यंत प्रत्येकाने त्यात आपले शब्द घालून गायले. रेडिओ निवेदिका मलिष्का हिने त्याच चालीवर मुंबईच्या खड्ड्यांची थट्टा केली आणि महापालिकेत खळबळ उडाली. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाचे 'गुलाबी साडी' यूट्यूबवर आले आणि इन्स्टाग्रामच्या छोट्या चित्रफितींमुळे मराठी न जाणणाऱ्यांच्याही ओठांवर बसले. मुंबईत जन्म नसला तरी चालतो, हे यावरून कळते.

दुसरी बाजूही पाहू. २०१९ साली पश्चिम बंगालमधील राणाघाट स्थानकावर लता मंगेशकरांचे गाणे गाणाऱ्या राणू मंडल यांची चित्रफीत पसरली आणि थोड्याच दिवसांत त्यांना हिंदी चित्रपटात गायला मिळाले. त्या वेळी लतादीदींनी आनंद व्यक्त केला, पण नक्कल फार काळ साथ देत नाही, स्वतःची वाट शोधावी, असा सल्लाही नव्या गायकांना दिला. प्रसिद्धी एका दिवसात मिळू शकते, पण ती टिकवायला रियाज लागतो.

म्हणून ज्यांना आपले गाणे मांडायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आधी दहा चांगल्या श्रोत्यांचा गट शोधा. हजार अनोळखी लोकांच्या अंगठ्यापेक्षा एका जाणकाराची दुरुस्ती मोलाची असते.

२. आधी ऐका, दाद द्या, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्या आणि मग आपले गाणे ठेवा. जो सतत स्वतःचेच वाजवतो त्याला लोक टाळू लागतात.

३. ध्वनिमुद्रण शांत खोलीत, पंखा बंद करून करा. मोबाईल तोंडाला चिकटवू नका, हातभर अंतरावर ठेवा. आधी एक ओळ मुद्रित करून ऐका.

४. गीतकार, संगीतकार, मूळ गायक, राग व साथीदार यांची नावे लिहा. पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांना विसरू नका.

५. महिन्याला एकच गाणे टाका, पण तयारीचे टाका.

कायदा आणि सावधगिरी

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कवी किंवा संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे त्यांच्या रचनेवर हक्क राहतो. ध्वनिमुद्रिकेवर ती प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षे हक्क असतो. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. पण श्रीनिवास खळे यांनी त्यांना लावलेली चाल खळे यांची आहे आणि त्यांचे निधन २०११ मध्ये झाले. म्हणून विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी आपल्या नावाने यूट्यूबवर चढवू नये. त्यांची यंत्रणा ती आपोआप ओळखते. परंपरेने आलेली चाल स्वतःच्या आवाजात गायली, तर अशी अडचण सहसा येत नाही.

फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर १३ वर्षांखालील मुलांना खाते काढता येत नाही. लहान मुलांचे गाणे पालकांनी आपल्या खात्यावरून ठेवावे. त्यात घराचा पत्ता, फोन नंबर किंवा शाळेत जाण्या-येण्याची वेळ असू नये. अनोळखी माणसाने 'तुमच्या मुलीला टीव्हीवर संधी देतो, नोंदणीचे पैसे भरा' असे सांगितले, तर पैसे भरू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. कोणाचे गाणे मुद्रित करताना त्या व्यक्तीला आधी विचारा आणि ते जगापुढे ठेवण्याची परवानगी वेगळी घ्या. आजी असली तरी विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

इयत्ता आठवी आणि नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने येत्या दिवाळीच्या सुटीत घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीचे एक गाणे पालकांच्या मोबाईलवर मुद्रित करावे. वहीच्या एका पानावर गाणाऱ्याचे नाव, माहेर व सासर, गाणे कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी गातात आणि गाण्याचे पूर्ण शब्द लिहावेत. कन्नड, दखनी किंवा तेलुगू शब्द आले तर ते 'दुरुस्त' करू नयेत, जसेच्या तसे लिहावेत. ज्यांची परवानगी असेल ती गाणी शाळेच्या पालक गटात पाठवू. बाहेरगावी गेलेले आपले माजी विद्यार्थी त्या गटात आहेत. कोणाला आपल्या गावची चाल ओळखू येईल, कोणी पुढचे कडवे जोडील.

पालकांनी यासाठी मुलांच्या हाती तासभर मोबाईल द्यावा आणि शक्य असेल तर स्वतः शेजारी बसावे. ज्या गाण्यांची तबकडी निघाली ती जगाने जपली आहेत. आपल्या घरातली गाणी आपणच जपली पाहिजेत, आणि त्यासाठी आज पैसा लागत नाही, फक्त वेळेवर विचारावे लागते.

— मुख्याध्यापक