टॅब हातात घ्या, आपली नोंद आपणच वाचा



नोंदीची जाड वही काखेत मारून चिटबॉय बांधावर यायचा, ते दिवस मागे पडले. आता त्याच्या हातात टॅब असतो. टॅब म्हणजे शाळेच्या पाटीएवढा मोबाईल, दुसरे काही नाही. तरी आपण लांब उभे राहून "घाल बाबा काय घालायचं ते" म्हणतो आणि ओटीपी सांगून मोकळे होतो. घोटाळा होतो तो इथेच. लागणीच्या तारखेत ०७ च्या जागी ०९ पडले, की जुलैची आडसाली सप्टेंबरची ठरते आणि तोडणीची पाळी दोन महिने मागे जाते. उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि शेतकी ऑफिसात हेलपाटे सुरू होतात.

म्हणून गट ऑफिसात आम्ही सभासदांना टॅब शिकवायला घेतला आहे.

पहिली अडचण बोटाची. आपला माणूस काच अशी दाबतो, जणू खुंटी ठोकतोय! ही काच जोरावर चालत नाही. आपल्या अंगातून वीज वाहू शकते. बोट टेकले की काचेतल्या विद्युत भारात फरक पडतो आणि बोट कुठे आहे ते यंत्राला कळते. म्हणून नखाने किंवा काडीने काही होत नाही, ओल्या बोटाने भलतेच होते. हात टॉवेलला पुसावा आणि बोटाचा मऊ भाग हलकेच टेकवावा. घट्टे पडलेल्या बोटाला काच दाद देत नसेल तर करंगळी वापरून पाहा.

एकदा टेकवून उचलले की चित्र उघडते. बोट तसेच धरून ठेवले तर भलतीच यादी समोर येते, आणि नवा माणूस घाबरतो तो इथेच. घाबरू नका, मागे जाण्याची खूण दाबा. बोट वर सरकवले की खालचा मजकूर दिसतो. अक्षर बारीक वाटले तर फोटोवर किंवा नकाशावर दोन बोटे टेकवून फाकवावीत, ते मोठे होते. उन्हात काच काळी दिसली तर वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, उजेड वाढवायची पट्टी तिथेच असते. कडेचे बटण थोडे दाबले तर पडदा झोपतो, टॅब बंद होत नाही.

नातवाकडून शिकू नये असे माझे मत आहे. तो झटकन करून देतो, पण शिकवत नाही.

नोंदीत गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि लागण की खोडवा, एवढे वाचा. ८६०३२ च्या जागी २६५ पडलेले नाही ना, तेही बघा. जागेची खूण घेताना उंच उसात शिरू नका. मोकळ्या आभाळाखाली बांधावर उभे राहिले की ती नेमकी येते. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः करायची पद्धत आली, तिथेही हीच बोटे कामाला येतात.

ओटीपी सर्वांत शेवटी, आणि तोही समोर उभ्या असलेल्या आपल्या चिटबॉयलाच. फोनवरून कोणी मागितला तर देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा.

शेत ज्यांच्या नावावर आहे त्या भगिनींनी स्वतः यावे. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो सोबत आणावा, आणि चष्मा विसरू नये.