आज्ञावली-विचाराची पायाभरणी : लिहिण्याआधी वाचणे

बीजसंज्ञा : आज्ञावली, चल, काल्पनिक यंत्र, मागोवा-तक्ता, आवर्तन, मसावि

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रसंग वारंवार घडतो. विद्यार्थ्याचे जर्नल पूर्ण असते, प्रत्येक आज्ञावलीखाली तिचे आउटपुट नीटनेटके लिहिलेले असते, शिक्षकांची स्वाक्षरीही असते. मात्र त्याच आज्ञावलीतील दोन ओळींची अदलाबदल करून 'आता उत्तर काय येईल?' असे परीक्षकाने विचारले की विद्यार्थी निरुत्तर होतो. त्याने आज्ञावली पाठ केलेली असते. ती चालते कशी, हे त्याला माहीत नसते. असा विद्यार्थी पुढील वर्षी 'डेटा स्ट्रक्चर'च्या वर्गात बसतो तेव्हा त्याची अडचण त्या विषयाची नसते, पहिल्या वर्षाचीच असते. आज्ञावली-विचाराचा पाया म्हणजे नेमके काय आणि तो वर्गात कसा घालता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचण जुनी आणि सार्वत्रिक

ही अडचण केवळ आपल्याकडील पाठांतरप्रधान पद्धतीतून उद्भवते, असे मानण्याचा मोह होतो. उपलब्ध अभ्यास मात्र वेगळे सांगतात. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, प्रारंभिक अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर, साध्या गणनयंत्राची आज्ञावली लिहावयास दिली. ११० पैकी सरासरी गुण मिळाले २२.८९. प्रारंभी याचे स्पष्टीकरण असे दिले गेले की, विद्यार्थ्यांना समस्येची उकल करता येत नाही. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने प्रश्न उलटा केला. सात देशांतील विद्यार्थ्यांना त्यांनी लिहावयास काहीच न देता, तयार आज्ञावलीचे छोटे तुकडे वाचून त्यांचे फलित ओळखावयास सांगितले. अनेक विद्यार्थी तेथेही अडखळले. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून लेखनाची अपेक्षा करणे व्यर्थ होय, हे प्राथमिक शाळेतील शिक्षकास सांगावे लागत नाही. संगणकशास्त्राच्या अध्यापनात ते उशिरा ध्यानात आले. ज्या विद्यार्थ्यांनी कागदाच्या कडेला चलांच्या बदलत्या किमती टिपल्या होत्या, त्यांची उत्तरे अधिक वेळा बरोबर आली, हे या अभ्यासातील निरीक्षण शिक्षकांच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे.

काल्पनिक यंत्र

बेनेडिक्ट डू बुले यांनी १९८० च्या दशकात 'काल्पनिक यंत्र' ही संकल्पना मांडली. विद्यार्थ्याला संगणकातील विद्युत्-मंडले ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु तो जी भाषा शिकतो ती भाषा समजणाऱ्या एका यंत्राचे सुसंगत चित्र त्याच्या मनात असलेच पाहिजे. हे यंत्र एका वेळी एकच आज्ञा पाळते, वरून खाली जाते, प्रत्येक चलाची एकच किंमत ध्यानात ठेवते आणि आज्ञा देणाऱ्याच्या हेतूविषयी त्याला काडीचेही ज्ञान नसते. रॉय पी यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, नवशिक्यांच्या अनेक चुकांचे मूळ याच शेवटच्या गोष्टीत असते. यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसला आहे व तो आपले मनोगत ओळखेल, अशी विद्यार्थ्याची नकळत धारणा असते.

चलाचेच उदाहरण पाहावे. चल म्हणजे डबा, असे बहुतेक वर्गांत सांगितले जाते. हा दृष्टांत सोयीचा असला तरी तो दगा देतो. डब्यात एकाहून अधिक वस्तू मावतात. एका डब्यातील धान्य दुसऱ्यात ओतले की पहिला रिकामा होतो. चलाच्या बाबतीत यांपैकी काहीच घडत नाही. 'अ = ब' ही आज्ञा पाळल्यावर अ ची जुनी किंमत कायमची जाते आणि ब ची किंमत ब मध्ये जशीच्या तशी राहते. त्यापेक्षा फळ्यावर आखलेल्या चौकटीचा दृष्टांत अधिक योग्य ठरतो : जुना आकडा पुसावयाचा, शेजारच्या चौकटीत पाहून नवा लिहावयाचा.

त्यात भर पडते ती बरोबरीच्या चिन्हाची. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये रूढ केलेले हे चिन्ह विद्यार्थ्याने दहा-बारा वर्षे 'दोन्ही बाजू समान' याच अर्थाने वापरलेले असते. 'अ = अ + १' हे त्याच्या बीजगणितात अशक्य विधान आहे; सी भाषेत ती रोजची आज्ञा आहे. अल्गोल व पास्कल या भाषांनी यासाठी वेगळे चिन्ह योजले होते. सी भाषेने ते टाकून दिले आणि त्याची किंमत नवशिके आजही मोजीत आहेत.

'जर', 'तर' आणि 'जोपर्यंत'

आज्ञावलीच्या भाषेतील मोजके शब्द इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ती कठीण जाते, असे म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. त्या वीस-तीस शब्दांचे पाठांतर पंधरा दिवसांत होते. खरी अडचण त्या शब्दांच्या बोलीतील अर्थांची आहे, आणि ती मराठीतही तितकीच आहे. 'पाऊस आला तर वाळवण आत घे,' असे आई सांगते तेव्हा ती आज्ञा दिवसभर जागी असते. आज्ञावलीतील 'जर' मात्र त्याच्यावर पाळी येते त्या क्षणी एकदाच आकाशाकडे पाहतो आणि पुढे निघून जातो. नंतर धो धो पाऊस कोसळला तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते.

'जोपर्यंत'चीही तीच गत. 'जोपर्यंत पाऊस आहे तोपर्यंत ओसरीवर थांब,' या वाक्याचा अर्थ पाऊस थांबताच निघ, असा होतो. आवर्तनातील 'जोपर्यंत' अट केवळ प्रत्येक फेरीच्या आरंभी तपासतो. फेरीच्या मध्यावर अट मोडली तरी उरलेल्या ओळी पाळल्या जातातच. हा भेद शब्दांनी समजावून पटत नाही. तो डोळ्यांना दिसावा लागतो.

मागोवा-तक्ता : मसाविचे उदाहरण

त्यासाठी शाळेत भागाकार पद्धतीने काढलेला मसावि उपयोगी पडतो. ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आलेली आहे. म्हणजे ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिची आज्ञावली मराठीत अशी मांडता येईल :

जोपर्यंत लहान शून्य नाही तोपर्यंत
– शेष = मोठी भागिले लहान यांची बाकी
– मोठी = लहान
– लहान = शेष
आवर्तन संपल्यावर उत्तर : मोठी

आता ४८ व १८ या संख्या घेऊन कागदावर तीन रकाने आखावेत आणि स्वतः यंत्र व्हावे. पहिल्या फेरीनंतर शेष १२, मोठी १८, लहान १२. दुसऱ्या फेरीनंतर शेष ६, मोठी १२, लहान ६. तिसरीनंतर शेष ०, मोठी ६, लहान ०. अट मोडली, उत्तर ६.

येथवर बहुतेक वर्ग येतात आणि थांबतात. खरे शिक्षण यापुढे आहे. शेवटच्या दोन आज्ञांची अदलाबदल केली तर? पहिल्या फेरीत शेष १२, लहान १२, आणि नव्या लहानवरूनच उचलल्यामुळे मोठीही १२. दुसऱ्या फेरीत बाकी शून्य, लहान शून्य, मोठी शून्य. कोणत्याही दोन संख्या दिल्या तरी उत्तर शून्यच येईल. कंपायलर याबद्दल अवाक्षर काढणार नाही, कारण व्याकरणदृष्ट्या आज्ञावली निर्दोष आहे. विद्यार्थ्याने हा तक्ता स्वहस्ते भरला असेल तर आज्ञांचा क्रम हा केवळ शिष्टाचार नव्हे, हे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग : संख्या उलट क्रमाने, १८ व ४८ अशा द्याव्यात. अठराला अठ्ठेचाळीसने भागता बाकी १८ उरते. फेरी संपताना मोठी ४८ व लहान १८ होतात. आज्ञावलीने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली, एक फेरी मात्र अधिक लागली. अनेक पुस्तकांत आरंभी 'मोठी संख्या कोणती' हे तपासणाऱ्या ओळी असतात. त्या अनावश्यक आहेत, हा शोध विद्यार्थ्याला स्वतः लागू द्यावा.

तिसरी गोष्ट तक्त्याकडे नुसते पाहिल्याने कळते. ४८ व १८, १८ व १२, १२ व ६, ६ व ० : संख्या बदलत गेल्या, पण प्रत्येक जोडीचा मसावि ६ च राहिला. फेरीगणिक न बदलणारे असे काही शोधणे हे आवर्तन समजल्याचे लक्षण होय. आज्ञावली बरोबर आहे हे केवळ चालवून न पाहता सिद्ध करण्याची वाटही येथूनच निघते.

समस्येचे लहान भाग पाडण्याचे कौशल्य यानंतरचे आहे. निक्लाउस विर्थ यांनी १९७१ च्या लेखात आठ वजिरांच्या कोड्याच्या आधारे टप्प्याटप्प्याने परिष्करण करण्याची पद्धत मांडली ती सर्वश्रुत आहे. तथापि भाग पाडले तरी प्रत्येक भाग यंत्र कसा पाळील हे दिसत नसेल, तर विभाजनाचा उपयोग होत नाही.

वर्गातील उपयोजन

सेमूर पॅपर्ट यांच्या लोगो भाषेतील कासव याच कारणाने उपयुक्त ठरले : यंत्राची स्थिती पडद्यावर दिसते आणि मूल स्वतः चालून ती अनुभवू शकते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिराम रानडे यांनी आपल्या सी++ च्या पाठ्यपुस्तकात (२०१४) अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीही आरंभ कासवानेच केला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते पोरकट वाटेल, ही भीती निराधार आहे.

जेथे एका संगणकावर दोघेतिघे बसतात तेथे तर फळा अधिक सोयीचा. फळ्यावर तीन चौकटी काढून तीन विद्यार्थ्यांना एकेक चल सोपवावा. चौथ्याने चालू ओळीवर बोट ठेवावे. उरलेल्या वर्गाने चूक पकडावी. यात वेळ जातो, हे नाकारता येणार नाही. पॉइंटर व फाइल्सपर्यंतचा अभ्यासक्रम सत्रात बसवावयाचा असताना तीन आठवडे तक्ते भरण्यात घालविणे शिक्षकास जड जाते. परंतु ते तीन आठवडे वाचवून पॉइंटर शिकविले, तर ते शिकविल्याची नोंद होते इतकेच.

प्रश्न अखेरीस मूल्यमापनावर येतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आल्यापासून पाठ्यपुस्तकातील कोणतीही आज्ञावली विद्यार्थ्याला क्षणार्धात तयार मिळते. लिहून आणलेल्या आज्ञावलीला गुण देणारे जर्नल त्यामुळे निरर्थक होत चालले आहे. मिळालेली आज्ञावली बरोबर की चूक हे ओळखणे मात्र विद्यार्थ्यालाच करावे लागते. 'मसाविची आज्ञावली लिहा' या पाच गुणांच्या प्रश्नाऐवजी शेवटच्या दोन ओळी उलटविलेली आज्ञावली छापावी, ३५ व १४ या संख्यांसाठी तक्ता भरावयास दोन गुण ठेवावेत, उत्तर चुकते ती फेरी दाखविण्यास एक आणि दुरुस्तीच्या समर्थनास दोन. प्रश्नपत्रिकेचा आराखडा अभ्यासमंडळ ठरवीत असले, तरी अंतर्गत चाचणीत असा प्रश्न घालण्यास विभागाला कोणाची अनुमती लागत नाही.