शून्य मीटर म्हणजे खोटं?

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची नाविक नकाशाच्या आधारपातळीपासून मोजतात. तिथे 0.0 मीटर दिसलं की समजा, पाणी अगदी तळाला. चालत जायला याहून बरी वेळ कुठली?

आता हा आकडा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ‘उंची’ नावाने ठेवा आणि नुसतं ‘इफ उंची’ विचारा. पायथन 0.0 ला खोटं धरतो. नोंद आहे की नाही, एवढंच तपासायचं असेल तर प्रोग्राम बेधडक सांगेल, नोंदच नाही! रिकामी यादी, रिकामा मजकूर यांचीही तीच गत. रूबीत मात्र शून्य खरं.

जावा हा घोळ होऊच देत नाही. तिथे ‘इफ’च्या कंसात बूलियनच लागतो, खरं किंवा खोटं, आकडा दिलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. गो, रस्ट, स्विफ्टही तितक्याच कडक. चार अक्षरं जास्त टंकावी लागतात, पण ही कटकट परवडली. पायथन वापरत असाल तर ‘इफ उंची इज नॉट नन’ (नन म्हणजे काहीच नाही) असं स्पष्ट लिहा.